क्यूबेक आपले इमिग्रंट कसे निवडतं: आधी आकडा, मग भाषा, तुमचे पॉइंट्स सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवरा पुण्यात आयटीत टेस्टिंगला, वय ३२, बायको फिजिओथेरपिस्ट, एक्स्प्रेस एंट्रीचा (कॅनडाचं केंद्र सरकार पॉइंट्सवर माणसं निवडतं ती पद्धत) स्कोअर कमी पडतोय, एजंट म्हणतो क्यूबेकमधून (कॅनडातला फ्रेंच बोलणारा प्रांत) टाका तिथे गर्दी कमी असते, आणि यांना कळत नाहीये की एकाच देशातलं एक राज्य स्वतःची माणसं वेगळी कशी काय निवडू शकतं, किती घ्यायची ते कोण ठरवतं आणि आपण त्यात बसतो का. मी मॉन्ट्रियलमध्ये बरीच वर्षं याच फाइल्स करतेय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही कारण भारतात नागरिकत्व, परदेशी माणसांचं येणं-जाणं, व्हिसा, पासपोर्ट हे सगळं केंद्राच्या यादीत आहे, महाराष्ट्र सरकारने उद्या म्हटलं की आम्हाला दरवर्षी अमुक इतके वेल्डर बाहेरच्या देशातून हवेत आणि ते आम्हीच निवडणार तर दिल्ली ऐकूनही घेणार नाही. कॅनडात १८६७ च्या घटनेतच कलम ९५ आहे, त्यात शेती आणि इमिग्रेशन हे दोन विषय एकत्र, केंद्र आणि प्रांत दोघांच्याही हातात दिलेत (त्या काळी इमिग्रंट म्हणजे जमीन कसायला आणलेला माणूस, म्हणून ही जोडी). शंभरेक वर्षं प्रांतांनी हा अधिकार फारसा वापरला नाही. क्यूबेकने वापरायला घेतला तो १९६८ मध्ये, स्वतःचं इमिग्रेशन मंत्रालय काढून.

आणि त्याचं कारण नोकऱ्या नव्हतं, भाषा होतं. हे नीट डोक्यात बसलं की पुढचं अर्धं कोडं सुटतं. साठच्या दशकात तिथला जन्मदर धाडकन खाली आला, आधी मोठमोठ्या कॅथलिक कुटुंबांमुळे फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या आपोआप टिकत होती ती टिकेना, आणि बाहेरून येणारे इटालियन, ग्रीक वगैरे लोक मुलांना इंग्लिश शाळेत घालत होते. मॉन्ट्रियलच्या सँ-लेओनार भागात १९६८-६९ मध्ये शाळेच्या भाषेवरून प्रकरण दंगलीपर्यंत गेलं. १९७७ च्या भाषा कायद्याने इमिग्रंटांच्या मुलांना फ्रेंच शाळा सक्तीची केली. म्हणजे आत आलेल्यांचं काय करायचं ते ठरलं, उरला प्रश्न आत कोणाला घ्यायचं. त्यासाठी ओटावाबरोबर, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारबरोबर, एकामागून एक करार झाले, १९७८ च्या कराराने क्यूबेकला स्वतःच्या पॉइंट्सवर माणसं निवडायचा हक्क मिळाला आणि १९९१ चा करार आजही चालू आहे.

त्या १९९१ च्या करारात वाटणी कशी आहे ते बघा, कारण लोक इथेच गोंधळतात. कामासाठी किंवा बिझनेससाठी कायमचे येणारे, ज्याला इकॉनॉमिक कॅटेगरी म्हणतात, त्यांची निवड पूर्ण क्यूबेकची. बाहेरच्या देशातून आणायचे रेफ्युजीही क्यूबेक निवडतं. पण मेडिकल, पोलीस रेकॉर्ड, सिक्युरिटी हे ओटावाकडे, आणि पीआरचा (कायमचं राहायच्या परवानगीचा) शिक्का पण ओटावाचाच. फॅमिली स्पॉन्सरशिपचे नियम ओटावाचे, फक्त स्पॉन्सर करणाऱ्याची हमी क्यूबेक घेतं. आणि जो माणूस कॅनडात येऊन आश्रय मागतो त्याच्यावर क्यूबेकचा काहीच कंट्रोल नाही. म्हणून तुम्हाला दोन अर्ज करावे लागतात, आधी क्यूबेककडे, तिथून सीएसक्यू नावाचं सर्टिफिकेट मिळतं म्हणजे "आम्ही या माणसाला निवडलंय" असं पत्र, मग ते घेऊन ओटावाकडे पीआरचा अर्ज. सीएसक्यू म्हणजे पीआर नाही! दर काही महिन्यांनी कोणीतरी पेढे वाटून मोकळं होतं आणि मग मला फोन येतो की अजून पासपोर्ट मागवला का नाही.

आता आकडा. कायद्याप्रमाणे क्यूबेकच्या इमिग्रेशन मंत्र्याला पुढच्या काही वर्षांची दिशा ठरवताना उघड चर्चा घ्यावी लागते. मंत्रालय आधी एक जाडजूड कागद काढतं, त्यात लोकसंख्येचे अंदाज, काम करणाऱ्या वयाचे लोक किती राहतील, आलेल्यांपैकी फ्रेंच कितीजणांना येतं, आणि शेवटी दोन-तीन पर्याय. २०२३ ला पर्याय होते वर्षाला ५०,००० किंवा ६०,०००. २०२५ ला होते २५,०००, ३५,००० आणि ४५,०००. मग विधानसभेच्या समितीपुढे संघटना येतात, प्रत्येकीला थोडी मिनिटं बोलायला आणि मग आमदारांचे प्रश्न. हे सगळं लाइव्ह दिसतं, फ्रेंच थोडं जमायला लागलं की जरूर ऐका, शिकवणीपेक्षा जास्त कळतं. मालकांच्या संघटना म्हणतात माणसं कमी पडतायत आकडा वाढवा, युनियन म्हणतात तात्पुरत्या परमिटवर आणलेल्या कामगारांची पिळवणूक होते त्यांना आधी कायम करा, छोट्या शहरांचे महापौर म्हणतात आमच्याकडे कारखाना आहे पण राहायला घर नाही, आणि लोकसंख्येचे अभ्यासक दर वेळी शांतपणे सांगतात की इमिग्रेशन वाढवून म्हाताऱ्या समाजाचं वय फारसं खाली येत नाही. हे शेवटचं खरं आहे पण कोणालाच ऐकायचं नसतं, ना वाढवा म्हणणाऱ्यांना ना कमी करा म्हणणाऱ्यांना.

मग नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुढच्या वर्षाचा प्लॅन विधानसभेत ठेवतात. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ठरलं की २०२६ ते २०२९ दरवर्षी साधारण ४५,०००. त्याआधी प्रत्यक्ष येणाऱ्यांचा आकडा साठ हजारांच्या आसपास गेलेला होता, म्हणजे ही चांगलीच कात्री आहे. माझं मत विचाराल तर हा आकडा गणितातून निघत नाही, गणित नंतर मांडतात. कुठल्या पातळीवर मालक लोक फार ओरडणार नाहीत आणि फ्रेंचची काळजी करणारा मतदारही भडकणार नाही ती जागा शोधतात आणि मग त्या जागेला आधार देणारी टेबलं जोडतात. पण एकदा ठरला की तो आकडा खरोखर खालपर्यंत झिरपतो, अगदी तुमच्या फाइलपर्यंत, म्हणून त्याला नुसतं राजकारण म्हणून सोडून देता येत नाही.

प्लॅनमध्ये दोन वेगळे आकडे असतात आणि हे मी प्रत्येक क्लायंटला बोट ठेवून दाखवते. एक, या वर्षी किती जणांना निवडायचं म्हणजे किती सीएसक्यू द्यायची. दुसरा, या वर्षी किती जणांना पीआर मिळेल. या दोन आकड्यांतली माणसं एकच नसतात, या वर्षी ज्याला पीआर मिळतो तो बहुतेक वर्ष-दोन वर्षांपूर्वी निवडलेला असतो. आता समजा सरकारने आधी जोरात सीएसक्यू वाटली आणि नंतर पीआरचा आकडा कमी केला तर काय होणार, वरून धरणाचं पाणी सोडलंय आणि खालचं दार अर्धं लावून घेतलंय. मधे जे साठतात ते निवडून झालेले लोक, हातात सर्टिफिकेट, इथेच नोकरी करतायत, मुलं फ्रेंच शाळेत आणि ओटावाची तारीख पुढे पुढे सरकतेय. गेल्या काही वर्षांत हे हजारोंच्या बाबतीत झालंय. ओटावाला शिव्या घालतात लोक, पण ओटावा क्यूबेकच्याच आकड्याच्या आत पीआर देतं, आकडा भरला की फाइल थांबते. म्हणून प्लॅन आला की बातमीतला एकच मोठा आकडा वाचू नका, निवडीचा तक्ता आणि प्रवेशाचा तक्ता शेजारी शेजारी ठेवून बघा, पहिल्यात दुसऱ्यापेक्षा जास्त लोक असतील तर रांग वाढणार.

आणि त्या आकड्याच्या आत पण वाटे असतात. इकॉनॉमिकला सगळ्यात मोठा, साठ टक्क्यांच्या वर, मग फॅमिली, मग रेफ्युजी. फॅमिलीचं उदाहरण सांगते कारण आपल्या लोकांना ते माहीत नसतं. "एकदा एकजण पोचला की बाकीच्यांना बोलावू" हा आपला आवडता प्लॅन. क्यूबेकने जून २०२४ ते जून २०२६ या दोन वर्षांत स्पॉन्सरशिपचे हमीचे अर्ज फक्त १३,००० घेणार असं ठरवलं, त्यातले १०,४०० नवरा-बायको आणि मोठ्या मुलांसाठी, २,६०० आईवडील-आजीआजोबांसाठी. नवरा-बायकोवाला कोटा मुदतीच्या जवळजवळ वर्षभर आधीच संपला. शेजारच्या ओंटारियोत राहणाऱ्याला ही अडचण नाही. एकच देश, एकच पीआर कार्ड, पण क्यूबेकमधल्या गातिनोऐवजी पूल ओलांडून ओंटारियोतल्या ओटावात घर असतं तर बायको वर्षभर आधी आली असती.

माणूस निवडायची पद्धत सतत बदलत आलीये आणि यातला इतिहास विसरू नका. आधी सरळ रांग होती, जो आधी अर्ज करेल तो आधी, त्यामुळे फाइली साठत गेल्या. २०१८ मध्ये आरिमा नावाचं पोर्टल आलं, आता अर्ज करायचा नाही, फक्त "मला यायचंय" म्हणून प्रोफाइल टाकायचं, फुकट, आणि सरकारला हवा तो उचलेल. मग जुन्या साठलेल्या फाइलींचं काय? क्यूबेकमध्ये फ्रांस्वा लगोंचं सरकार २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आलं, इमिग्रेशन कमी करू म्हणूनच आलं होतं, त्यांनी जून २०१९ मध्ये कायदा करून सुमारे १८,००० फाइली रद्द केल्या. फी परत दिली. पण एकेका फाइलीत अख्खं कुटुंब होतं आणि काही जण तोपर्यंत क्यूबेकमध्येच काम करत होते. तेव्हापासून मी कोणालाही "एकदा अर्ज आत गेला की झालं" असं सांगत नाही.

दुसरी गोष्ट पीईक्यूची. हा प्रोग्रॅम २०१० मध्ये आला, इथे शिकलेल्या किंवा इथे काम केलेल्या आणि फ्रेंच येणाऱ्या माणसाला पॉइंट्स-बिइंट्स न मोजता थेट सीएसक्यू. सुंदर साधी गोष्ट. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये शिक्षणाचे विषय मोजकेच ठेवायचा प्रयत्न झाला, विद्यार्थी विधानसभेत जाऊन रडले, काही दिवसांत मागे घेतला. २०२० मध्ये कामगारांसाठी अनुभवाची अट एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. २०२४ मध्ये पदवीधरांचा भाग थांबवला, २०२५ मध्ये कामगारांचा थांबवला आणि १९ नोव्हेंबर २०२५ ला अख्खा प्रोग्रॅम बंद. कारण सरळ आहे. दारात अट असलेला प्रोग्रॅम म्हणजे अट पूर्ण केली की तुम्हाला घ्यावंच लागतं, मग आकडा सरकारच्या हातात राहत नाही. ड्रॉवाला प्रोग्रॅम असेल, म्हणजे टाकलेल्या प्रोफाइलमधून सरकार वेळोवेळी हवे ते निवडून बोलावणार, तर नळ सरकारच्या हातात. आकडा कमी करायचा ठरला तेव्हाच पीईक्यू जाणार हे दिसत होतं, पण हजारो लोकांनी दोन-चार वर्षं आयुष्य त्याच्या भरवशावर आखलं होतं, ते रस्त्यावर उतरले आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. आलेल्या माणसाला खेळ सुरू असताना नियम बदलून देणं हे धोरण म्हणून सुद्धा वाईट आहे, पुढच्या वेळी चांगला माणूस येताना दहादा विचार करतो.

सध्या कुशल कामगारांसाठी मुख्य दार एकच, पीएसटीक्यू, त्याचे चार भाग आहेत. पहिला जास्त शिक्षणाच्या आणि स्पेशलाइज्ड कामांसाठी, आयटी इथे. दुसरा मधल्या आणि अंगमेहनतीच्या कामांसाठी. तिसरा लायसन्स लागणाऱ्या कामांसाठी, नर्स, इंजिनिअर, फिजिओ वगैरे. चौथा फारच असामान्य लोकांसाठी, तो सोडून द्या. फ्रेंच ऐच्छिक राहिलेलं नाही: पहिल्या भागाला बोलण्या-ऐकण्यात क्यूबेकच्या स्केलवर लेव्हल ७, लिहिण्या-वाचण्यात ५, दुसऱ्या भागाला बोलण्या-ऐकण्यात ५, आणि जोडीदाराचं सुद्धा ४ विचारात घेतात. लेव्हल ७ म्हणजे तुम्ही क्लासमध्ये ऐकता तो बी२. दहावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून घेतलेलं फ्रेंच इथे चालत नाही हो, मला दर आठवड्याला कोणीतरी मार्कशीट पाठवतं, १०० पैकी ९६ आणि फोनवर एक वाक्य येत नाही. टीईएफ किंवा टीसीएफ ही फ्रेंचची परीक्षा द्यावी लागते, रिझल्ट दोन वर्षं चालतो.

पॉइंट्स जास्तीत जास्त १,४००. त्यात तुमचं वय, शिक्षण, फ्रेंच, अनुभव मिळून ५२०, जुळवून घेण्याच्या गोष्टींना १८०, आणि तब्बल ७०० क्यूबेकच्या लेबर मार्केटच्या गरजेला, म्हणजे तुमच्या कामाची तिथे टंचाई आहे का, तिथली डिग्री आहे का, तिथे काम केलंय का, मॉन्ट्रियलच्या बाहेर राहिलात का. नीट बघा, यातले बरेचसे पॉइंट्स पुण्यात बसून मिळण्यासारखे नाहीतच. हे मुद्दाम आहे. आधीच आत असलेले, तात्पुरत्या परमिटवरचे लोक सहा लाखांच्या आसपास गेले होते, साधारण नव्वद लाखांच्या प्रांतात, मग सरकार म्हणतं नवीन कशाला आणायचे, जे आहेत त्यातलेच फ्रेंच येणारे कायम करू.

मॉन्ट्रियलच्या बाहेर म्हणजे काय यावर एक सूचना. महानगर म्हणजे ८२ नगरपालिका, लाव्हाल आणि लाँगय त्यात येतात. घराचं भाडं स्वस्त म्हणून लाव्हालला गेलात तर "बाहेर" धरत नाहीत. शेरब्रुक, साग्ने, त्र्वा-रिव्हिएर, क्यूबेक सिटी हे बाहेर. ड्रॉचा निकाल लागतो तेव्हा नुसता कटऑफ नसतो, "भाग एक, महानगराबाहेर राहणारे, इतके पॉइंट्स" असं लिहिलेलं असतं, कधी ठराविक व्यवसाय, कधी इथली डिग्री. तुमचा स्कोअर जास्त असून बोलावणं न येता शेजारच्या कमी स्कोअरवाल्याला येतं ते यामुळे. बोलावणं आलं की ६० दिवसांत पूर्ण अर्ज, म्हणजे कागद आधीच तयार हवेत. शिवाय घरातल्या मोठ्यांना क्यूबेकच्या लोकशाही मूल्यांची छोटी परीक्षा किंवा कोर्स, २०२० पासून. ती अवघड नाही.

एवढं निवडून माणूस तिथे राहतो का? कॅनडात पीआर मिळालेल्याला कुठल्याही प्रांतात जायचा घटनात्मक हक्क आहे. जुना इन्व्हेस्टर प्रोग्रॅम बघा, क्यूबेककडे पैसे गुंतवून निवड झालेले बरेचसे श्रीमंत थेट व्हँकुव्हरला राहायला गेले, शेवटी २०१९ मध्ये थांबवला आणि २०२४ मध्ये उघडला तो फ्रेंचची अट घालून. यावरून कोणी तुम्हाला "सीएसक्यू घ्या आणि टोरोंटोला जा" असं सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका, अर्ज करताना क्यूबेकमध्ये राहायचा इरादा लिहून द्यावा लागतो आणि तो खोटा निघाला तर प्रकरण फसवणुकीत जातं.

बाकी प्रांतांचं थोडक्यात. त्यांच्याकडे पीएनपी (प्रांताने माणसं सुचवायचा प्रोग्रॅम) आहे, पहिला मॅनिटोबा, १९९८. ते "निवडत" नाहीत, नॉमिनेट करतात आणि किती करायचे तो कोटा ओटावा देतं, २०२५ साठी ओटावाने बहुतेकांचा कोटा निम्म्यावर आणला आणि प्रांत बघत राहिले. क्यूबेकवर तशी कुऱ्हाड परस्पर चालत नाही. एक्स्प्रेस एंट्रीतून जाणाऱ्याला प्रांताचं नॉमिनेशन मिळालं की ६०० पॉइंट्स. क्यूबेक एक्स्प्रेस एंट्रीत नाहीच, त्यामुळे "तिथला कमी स्कोअर इथे चालेल" हे एजंटचं म्हणणं निरर्थक आहे. आणि हो, मुंबईत क्यूबेक सरकारचं ऑफिस आहे पण तिथे सिलेक्शन होत नाही, तिथे ओळख आहे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. क्यूबेकच्या फाइली करणाऱ्या कन्सल्टंटची क्यूबेक मंत्रालयाकडे वेगळी नोंद लागते, ती साइटवर तपासता येते.

आता तुमचं. आत्ता, फ्रेंच शून्य असताना, क्यूबेकला प्रोफाइल टाकून उपयोग नाही. रोज तास-दोन तास दिले तर दीड-दोन वर्षांत बी२ होतं, पुण्यात अलियाँस फ्रान्सेझ आहे, आणि हे फ्रेंच वाया जात नाही कारण एक्स्प्रेस एंट्रीत फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ लागतात आणि तिथे कटऑफ बराच खाली असतो. तुमच्या केसमध्ये मी आधी तोच रस्ता धरेन. क्यूबेकच हवं असेल तर मुख्य अर्जदार तुम्ही का बायको हे आत्ताच ठरवू नका, दोघांचे पॉइंट्स मांडून बघा. टेस्टिंगवाले इंजिनिअर मॉन्ट्रियलमध्येच ढिगाने आहेत, फिजिओ हवे आहेत. पण फिजिओ लायसन्सचं काम आहे, क्यूबेकमध्ये असं लायसन्स देणाऱ्या ४६ प्रोफेशनल ऑर्डर म्हणजे त्या त्या व्यवसायाच्या संस्था आहेत, तिसऱ्या भागात जायचं तर फिजिओच्या ऑर्डरकडून परवानगी नाही तर निदान शिक्षणाची काही अंशी मान्यता हातात हवी, आणि त्यासाठी युनिव्हर्सिटीकडून चारही वर्षांचा विषयवार अभ्यासक्रम, थिअरीचे-प्रॅक्टिकलचे तास आणि इंटर्नशिपचे तास लिहून घ्यावे लागतात. आपल्याकडे हा कागद काढायला हेलपाटे घालावे लागतात, कॉलेज म्हणतं युनिव्हर्सिटीत जा, युनिव्हर्सिटी म्हणते कॉलेजच्या लेटरहेडवर आणा. फ्रेंचचा क्लास लावाल त्याच आठवड्यात तो अर्ज पण टाका.